हेगच्या दप्तरी

ॲम्स्टरडॅम ते हेग हा आगगाडीचा प्रवास तासाभराचाही नाही. बहुतेक प्रवासी सकाळी येतात, मॉरिट्सहाउसमध्ये व्हर्मीरची मोत्याच्या डुलाची मुलगी बघतात, दुपारी स्खेवेनिंगेनच्या समुद्रावर जातात आणि संध्याकाळी परततात. मी आधी प्रिन्सेग्राख्त या रस्त्याला गेलो. ग्रोटे मार्क्टच्या गजबजाटातून पश्चिमेकडे निघालं की तो लागतो. मधून ट्रामचे रूळ, कडेला उंच खिडक्यांची जुनी घरं, दारांसमोर टेकवलेल्या सायकली. यातलं 71 क्रमांकाचं घर मला बघायचं होतं. 1913 मध्ये पीस पॅलेस उघडेपर्यंत स्थायी लवाद न्यायालयाचं बिऱ्हाड या घरात होतं, आणि त्याच काळात, फेब्रुवारी 1911 मध्ये, हेगच्या लवादापुढे विनायक दामोदर सावरकरांचं प्रकरण चाललं.

इंग्रजांच्या कैदेतल्या सावरकरांनी मार्सेलिसला बोटीतून मारलेली उडी महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. 8 जुलै 1910 ची सकाळ, बंदरात उभी ‘मोरिया’ बोट, शौचालयाची गोल खिडकी. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. धक्क्यावर सावरकरांना धरलं ते फ्रेंच पोलिसानं, आणि थोड्याच वेळात त्यानं त्यांना पुन्हा बोटीवर नेऊन इंग्रजांच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी बोट निघूनही गेली. मग फ्रान्समध्ये गहजब उडाला. ज्यां जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’नं विषय लावून धरला. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेला राजकीय कैदी परक्या शिपायांना देऊन टाकायचा अधिकार बंदरावरच्या एका पोलिसाला कुठून आला, हा त्यातला सवाल होता. फ्रेंच सरकारनं सावरकरांना परत मागितलं, ब्रिटननं नकार दिला आणि 25 ऑक्टोबर 1910 रोजी दोघांनी हेगला जायचा करार केला.

पाच पंच बसले. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान ऑग्यूस्त बेर्नार्ट. सोबत फ्रान्सचे लुई रेनो, ब्रिटनचे लॉर्ड डेसार्ट, शिवाय एक नॉर्वेचा आणि एक नेदरलँड्सचा. बेर्नार्ट आणि रेनो, दोघंही शांततेच्या नोबेलचे मानकरी. त्यांच्यापुढे प्रश्न एकच ठेवला होता: आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे ब्रिटननं सावरकरांना फ्रान्सच्या ताब्यात द्यायला हवं की नको? 24 फेब्रुवारी 1911 ला निवाडा आला. कैद्याला ब्रिटिशांकडे सोपवताना अनियमितता झाली, हे पंचांनी मान्य केलं. पण बोट बंदरात येण्याआधीच दोन्ही देशांच्या पोलिसांत लिहापढी झालेली होती, फसवणूक नव्हती, बळजबरी नव्हती. आणि एवढ्या चुकीपायी कैदी परत करायला लावील असा नियम कायद्यात नाही. तेव्हा ब्रिटनवर बंधन नाही.

त्या दिवशी सावरकर मुंबईत तुरुंगात होते. 24 डिसेंबर आणि 30 जानेवारी अशा दोन जन्मठेपा त्यांना झालेल्या होत्या. हेगमध्ये त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, कारण ते पक्षकारच नव्हते. भांडण दोन साम्राज्यांचं, अपमान झाला तो फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो माणूस कागदोपत्री केवळ वादाचा विषय. निवाड्याचं कायदेशीर तर्कट मला समजतं, पण पटत नाही. चूक कबूल करायची आणि तिची भरपाई मात्र कुणाकडूनच करून घ्यायची नाही, हा न्याय अपुरा आहे. जुलै 1911 मध्ये सावरकरांना अंदमानात उतरवलं.

एक नंबरची ट्राम पीस पॅलेसच्या दारात सोडते. लोखंडी फाटकामागे हिरवळ, त्यापलीकडे लाल विटांची, टोकदार छपरांची इमारत आणि एका कोपऱ्यात उंच मनोरा. फ्रेंच वास्तुविशारद लुई कॉर्दोनिए यांच्या मूळ आराखड्यात मनोरे अधिक होते, पैशांचं गणित बसेना म्हणून कमी केले. पैसे अँड्र्यू कार्नेगींचे. पोलादात गडगंज झालेल्या या स्कॉटिश-अमेरिकन गृहस्थांनी 15 लाख डॉलर दिले. 1907 मध्ये पायाचा दगड बसला, 28 ऑगस्ट 1913 ला दारं उघडली. वर्ष पुरं व्हायच्या आत पहिलं महायुद्ध पेटलं.

पण मुळात वास्तूच्या आधी संस्था आली. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या पुढाकारानं मे 1899 मध्ये शहराबाहेरच्या हाउस टेन बॉस या राजवाड्यात 26 देशांचे प्रतिनिधी जमले. शस्त्रं कमी करायचं जमलं नाही. मात्र भांडण तलवारीवर न नेता पंचांकडे नेण्याची कायम सोय करावी, यावर एकमत झालं आणि स्थायी लवाद न्यायालय जन्माला आलं. पहिलं प्रकरण 1902 चं, अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातलं, कॅलिफोर्नियातल्या जुन्या धर्मादाय निधीचं.

नावात न्यायालय असलं तरी इथे कायमचे न्यायाधीश नाहीत. चावडीवर पंचांची यादी लावून ठेवावी आणि तंटा उद्भवला की दोन्ही पक्षांनी तीतून माणसं उचलावीत, तशी ही व्यवस्था. सदस्य देश जास्तीत जास्त चार जाणकारांची नावं देतो. यादीबाहेरचा पंचही चालतो. कायम असतं ते कार्यालय. टपाल पोचवणं, दोन्हींकडून अनामत घेणं, दालन, दुभाषे, लघुलेखक, पुराव्यांच्या गठ्ठ्यांना क्रमांक देणं, सगळं त्याच्याकडे. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. दोन वैरी राष्ट्रं एकमेकांचं तोंड बघायला तयार नसताना त्यांची पत्रं वेळेवर एकमेकांना मिळतील, हे कुणीतरी पाहावं लागतं. देश आणि खासगी कंपनी यांच्यातले वादही आता इथे येतात. व्होडाफोन आणि केर्न यांनी भारत सरकारविरुद्ध मागल्या तारखेच्या करावरून चालवलेली प्रकरणं याच कार्यालयानं सांभाळली, आणि 2020 मध्ये दोन्ही निवाडे आपल्या सरकारविरुद्ध गेले.

सुनावणी असेल त्या दिवशी आत फिरायला मिळत नाही. नसेल तेव्हा मार्गदर्शकाबरोबर थोडं हिंडता येतं. वास्तूतली निम्मी शोभा देशोदेशींच्या भेटींची आहे: फाटक जर्मनीचं, मनोऱ्यावरचं घड्याळ स्वित्झर्लंडचं, रंगीत काचा ब्रिटनच्या, चौकातलं ध्रुवीय अस्वलांचं कारंजं डेन्मार्कचं, झारची जास्परची फुलदाणी तीन टनांहून जड. मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो ते जपानी दालनात. भिंतींवर जपाननं दिलेले रेशमी पडदे, त्यांवर फुलं आणि पक्षी इतके बारीक विणलेले की जवळ गेल्याखेरीज ते रंगवलेले नाहीत हे कळू नये. मधल्या लांब टेबलाभोवतीच्या खुर्च्यांच्या पाठींवर देशांची राजचिन्हं भरतकामात काढलेली आहेत. लवाद न्यायालयाचं कामकाज पाहणारं राजदूतांचं मंडळ इथे बैठकीला जमतं.

याच इमारतीत 1946 पासून संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालयही आहे. त्याचे न्यायाधीश ठरावीक मुदतीसाठी निवडलेले; ते लवादाहून वेगळं. त्याच्या मोठ्या दालनात उभं राहिल्यावर मला आठवलं ते दादरा-नगरहवेलीचं प्रकरण. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा मुलूख पोर्तुगिजांच्या हातून सुटला. त्या लढ्यात राजा वाकणकर, विश्वनाथ लवंदे, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी आपली माणसं होती. पुढल्या वर्षाच्या अखेरीस पोर्तुगाल हेगला गेला. दमणहून या गावांपर्यंत भारताच्या भूमीतून जायचा आपला हक्क भारतानं अडवला, अशी तक्रार. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाडांनी लढवली. खास न्यायाधीश म्हणून भारतानं मुंबई उच्च न्यायालयाचे महंमदअली करीम छागला यांना पाठवलं.

आणि मग या दालनात पेशवाईची कागदपत्रं निघाली. 1779 चा मराठ्यांचा पोर्तुगिजांशी तह, आणि त्यानुसार 1783 व 1785 मध्ये दिलेल्या सनदा. पोर्तुगाल म्हणे, मराठ्यांनी आम्हाला मुलूख तोडून दिला. न्यायालयानं मराठी बाजूचे कागद तपासले आणि ठरवलं की पेशव्यांनी दिला तो वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. ते पोर्तुगालकडे आलं नंतर, इंग्रजांनी ते मानलं म्हणून. 12 एप्रिल 1960 च्या निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट देण्याचा प्रघात मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना हक्क नाही असं ठरलं. आणि 1954 मध्ये भारतानं केलेली अडवणूकही बेकायदा ठरली नाही. छागलांनी भिन्नमत नोंदवून वाटेचा हक्कच नाकारला. पुणे दरबारच्या कारकुनानं लिहिलेल्या ओळींवर हेगमध्ये पंधराएक न्यायाधीशांनी खल केला, हे वाचून माझा ऊर भरून आला होता. प्रत्यक्ष जागा पाहून तो पुन्हा भरून आला. पण इथेही दादऱ्याच्या आदिवासींना साक्षीला कुणी बोलावलं नव्हतं. 11 ऑगस्ट 1961 ला तो प्रदेश रीतसर भारतात आला.

त्या मानानं आता थोडं बदललं आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एनरिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरून इटलीच्या नौसैनिकांनी केलेल्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले. इटलीनं प्रकरण लवादाला नेलं, जुलै 2019 मध्ये सुनावणी याच इमारतीत झाली. 2020 च्या निवाड्यानं या नौसैनिकांना भारतीय न्यायालयांपासून संरक्षण दिलं. मला ते रुचलं नाही. पण त्याच निवाड्यानं जीवितहानीची भरपाई मिळण्याचा भारताचा हक्क मानला, आणि दहा कोटी ठरले: दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी, बोटीच्या मालकाला दोन. सर्वोच्च न्यायालयानं जून 2021 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. गोळीबाराला तोवर नऊ वर्षं उलटून गेली होती.