पुढचे शून्य

रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसून वस्तीतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीची यादी एक्सेलमध्ये करीत होतो. एका मुलीचा ११ अंकी खाते क्रमांक शून्याने सुरू होत होता. सेलला ११ शून्यांचा फॉरमॅट दिला, तेव्हा तो बरोबर दिसू लागला. पण पत्राच्या वाक्यात जोडताच पुढचे शून्य गायब! फॉरमॅट फक्त दिसण्यापुरता. आत आकडा बिनशून्याचाच.

माझ्या लेकीने व्हीबीएमध्ये तीन ओळींचे फंक्शन लिहिले. सेलची ‘व्हॅल्यू’ न घेता ‘टेक्स्ट’ घ्यायचे, म्हणजे दिसते तेच अक्षररूपात उतरते. मात्र रकाना अरुंद असेल तर ‘####’ उतरते. म्हणून प्रत्येक क्रमांक पासबुकाशी ताडून पाहिला.

पुढच्या शून्याला किंमत नसते म्हणतात. पण ते गळाले असते, तर त्या लेकराचे पैसे अडकले असते. आपल्या मुलामुलींनी ही विद्या जरूर शिकावी.