पाचातला एक

जुन्या जालन्यात माळवदाचं घर घ्यायचं ठरलं, तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही हिशेब मांडला होता. किंमत १८ लाख. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, रंग आणि किरकोळ. घर माझ्या नावावर, म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. आमचे हे म्हणाले, "तुझ्या नावाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच होतोय." २ लाख इसार देऊनही टाकला. कागद नीट वाचले ते त्यानंतर. उलटं करायला हवं होतं.

विकणारे दोघे भाऊ. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून आजोबांचं खरेदीखत काढून दिलं, उर्दूतलं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीचा कारभार उर्दूत. अशा पेट्या आमच्याकडे अजून सापडतात, वाचणारे कमी झालेत. वकिलांनी "जुना आहे, लागत नाही" म्हणून तो कागद बाजूला सारला होता. मी उर्दू शिकवते, मी वाचला. साल १३५० फसली. ५९० मिळवायचे, म्हणजे १९४०-४१. हुदूद-ए-अरबा, म्हणजे चतुःसीमा, लिहिताना पूर्वेच्या भिंतीपुढे एक शब्द होता : मुश्तरका. सामायिक. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय ती पाडता येणार नाही.

या एका शब्दाची किंमत नंतर कळली. माळवद गळायला लागलं. मातीच्या भिंती स्लॅब पेलणार नाहीत, पाडून बांधावं तर ही एक उभीच. शेवटी तिच्या आतून कॉलम घेतले आणि खोली दीड फुटानं लहान झाली. सागवानी खांब बाहेरून चकचकीत, आतून वाळवीनं पोकळ. सहा वर्षांची घरपट्टी थकलेली. ती घराबरोबर येते, म्हणून आम्हीच भरली. "किरकोळ"चे साडेपाच लाख झाले. तेही सोसलं. सांगायचंय ते वेगळंच.

मालमत्ता पत्रकावर अजून त्यांच्या वालिदांचं नाव होतं. वालिद-वालिदा दोघंही हयात नाहीत. मी विचारलं, "वारस किती?"

"आम्ही दोघं."

"बहीण?"

थोरले जरा थांबून म्हणाले, "आहे. परभणीला दिलीय. तिचं लग्नात सगळं केलं, मॅडम."

शरियतचा हिशेब सोपा आहे. भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. पाचातला एक, म्हणजे १८ लाखांतले ३ लाख ६० हजार. लग्नातल्या खर्चानं तो फिटत नाही, हे पाच वक्त नमाज पढणाऱ्या थोरल्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. वकील म्हणाले, तिची सही नसेल तर तिचा हिस्सा विकलाच जात नाही, उद्या दावा टाकेल. मला आधी भीती वाटली ती दाव्याचीच, खोटं कशाला बोलू?

मी परभणीला गेले. ती साडीला फॉल लावत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपा, सही करती मैं. पैसे नक्को. भायां से बिगड़ गया तो ईद को कां जाऊं?"

यावर मी काय बोलणार? माझ्या माहेरच्या घराचं हक्कसोडपत्र मी २०१२ साली सही करून दिलं. भाईजाननं पेन पुढं केला, मी वाचलंही नाही. आणि मी बी.एड. झालेली.

परत येऊन भावांना म्हटलं, तिच्या हिश्श्याचा चेक आम्ही थेट तिच्या नावानं काढतो. ते म्हणाले, मग आम्हाला १८ आणि तिचे वरचे तुमचे तुम्ही बघा. तेवढे आमच्याकडे नव्हते, इसार अडकलेला होता. आम्ही गप्प बसलो. खरेदी झाली.

ती निबंधक कचेरीत आली, अंगठा दिला, सही केली. भाऊ रिक्षा बघायला गेले तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "न्हाणीत अम्मीचा तांब्याचा बंब होता, आपा. असला तर ठेवा, मी घेऊन जाईन."

संध्याकाळी किल्ली घेऊन गेले. न्हाणीत काजळीचा गोल डाग होता. घर रिकामं करताना बंब मोडीत गेला होता. हे तिला फोनवर मलाच सांगावं लागलं.