प्रभातच्या अंगणात

सिनेमाचा स्टुडिओ ही सहकुटुंब पाहावयास जाण्याची जागा आहे, असे आमच्या घरातील मागल्या पिढीस कोणी सांगितले असते तर तिने कानांवर हात ठेवले असते. ज्या घरात नाटकाच्या तिकिटांचा खर्च जमाखर्चाच्या वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली दडवला जात असे, त्याच घरातील आम्ही अकरा माणसे गेल्या मे महिन्यात आगाऊ परवानगी काढून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे आवार पाहून आलो. लॉ कॉलेज रस्त्यावरील हे आवार म्हणजेच एके काळचा प्रभात स्टुडिओ होय.

या सहलीचे कारण मात्र हौसेचे नव्हते. सदाशिव पेठेतील आमचा वाडा पाडून नवी इमारत बांधण्यास द्यावयाचा, हे ठरवण्यासाठी तिघे भाऊ सहकुटुंब जमले होते. जागेचा प्रश्न चौरस फुटांत मांडता येतो. त्यामुळे तो दोन दिवसांत सुटला. अडले ते माडीवरच्या एका शिसवी पेटीपाशी. तीत आजेसासऱ्यांच्या रोजनिश्या, जुनी पत्रे आणि लग्नामुंजींची छायाचित्रे आहेत. यजमान म्हणाले, थोरल्याच्या घरी राहावी. मधल्या भाऊजींचे म्हणणे, कागदपत्रांचा अभ्यास आजवर त्यांनीच केला. धाकट्यांनी तर, आईचे शेवटचे दुखणे कोणी काढले, असा प्रश्न केला, आणि त्यानंतर पानावर बसल्यावर ‘वाढा’ आणि ‘पुरे’ याखेरीज शब्द ऐकू येईना. मुले कंटाळून गेली. तेव्हा आमचे चुलत सासरे, ज्यांना सारे घर नाना म्हणते, ते म्हणाले, “सूनबाई, उद्या पोरांना प्रभात दाखवून आणू. त्यांच्या बापांनाही चला म्हणावे.” नानांचे वय शहाऐंशी, त्यांचा शब्द मोडण्याची आमच्यात चाल नाही.

आवारात शिरताच मुलांची थोडी निराशा झाली. नटनट्या दिसतील अशी त्यांची अपेक्षा, आणि दिसले ते दाट झाडी, जुन्या इमारती आणि पाठीवर पिशव्या अडकवून जाणारे विद्यार्थी. परंतु प्रभातच्या वेळच्या प्रचंड चित्रीकरणगृहात पाऊल टाकले आणि सर्वांची बडबड आपोआप थांबली. आत काहीच नव्हते. उंच छत, छताखालून दिवे टांगण्यासाठी बांधलेल्या अरुंद वाटा, आणि आवाज घुमू नये अशी व्यवस्था केलेल्या भिंती. आमच्या सोबतच्या तरुणाने समजावून सांगितले, की बोलपट आल्यावर पात्रांचे शब्द चित्रणाच्या वेळीच मुद्रित होऊ लागले. तेव्हा बाहेरचा कावळाही आत ऐकू येता कामा नये. धाकट्या जाऊबाईंच्या नऊ वर्षांच्या मुलीने टाळी वाजवून पाहिली. तो नाद तिथल्या तिथे विरून गेला, आणि तिला त्याचे फारच नवल वाटले.

बाहेर आल्यावर एका झाडाच्या पारावर टेकून नानांनी मुलांना प्रभातची कथा सांगितली. १९२९ साली कोल्हापुरात पाच जणांनी मिळून ही कंपनी काढली: विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा त्यांचा बोलपट आला, आणि पुढच्याच वर्षी सारा संसार पुण्यास हलवून त्यांनी येथे स्टुडिओ उभारला. संसार हा शब्द नानांचाच, आणि तो मला योग्य वाटला. येथे नट, सुतार, रंगारी, शिंपी, छायाचित्रकार सारे महिन्याच्या पगारावर असत. दामल्यांना दामलेमामा आणि फत्तेलालांना साहेबमामा म्हणत. एक हिंदू आणि एक मुसलमान अशा या दोन मामांनी मिळून १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा पाहून थिएटरात हात जोडणारी माणसे नानांच्या आईने पाहिली होती. गौरीबाईंची जिजाई पाहून मात्र ती म्हणाली होती म्हणे, “संताच्या घरीसुद्धा चूल कोणाला तरी पेटवावीच लागते!”

इतकी गुणी माणसे एका छपराखाली. मग पुढे काय झाले? तेच, जे मोठ्या घरांचे होते. धायबर काही वर्षांतच वेगळे झाले. १९४२ साली शांतारामांनी प्रभात सोडून मुंबईस ‘राजकमल’ थाटले. १९४४ चा ‘रामशास्त्री’ गाजला खरा. पण १९४५ साली दामले गेले, आणि पुढील दहा वर्षांच्या आतच प्रभातचा कारभार आटोपला. १९६० साली याच जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. नाना हे अगदी सपाट स्वरात सांगत होते. तिघे भाऊ समोरच्या झाडाकडे पाहत होते.

तेवढ्यात त्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “नानाआजोबा, मग वाटणीत सिनेमे कोणाला मिळाले?”

नाना हसले नाहीत. याचे उत्तर आमच्यासोबतच्या तरुणानेच दिले. कंपनी मोडल्यावर चित्रपट पांगले. पुढे दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी त्यांचे हक्क मिळवून ते जपले. परंतु जुनी फिल्म ही नायट्रेटची. ती इतकी ज्वालाग्राही, की एकदा पेटली म्हणजे हवा तोडूनही विझत नाही. २००३ सालच्या जानेवारीत याच आवारातील फिल्म संग्रहालयाच्या भांडारास आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या कितीतरी मूळ प्रती भस्मसात झाल्या. त्यांत प्रभातच्याही होत्या. “तरी आज आपण ‘तुकाराम’ पाहू शकतो,” तो म्हणाला, “कारण आग लागण्यापूर्वी त्याच्या नकला दुसऱ्या, न पेटणाऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या.”

यावर कोणी काही बोलले नाही. प्रभातच्या काळची यंत्रे आणि पोशाख जेथे ठेवले आहेत ते दालन आम्ही पाहिले. मुलांना कॅमेऱ्याचे वजन किती असेल याची चिंता, तर मला त्या पोशाखांवरील टाके दिसत होते. पडद्यावर क्षणभर चमकून जाणाऱ्या त्या शेल्याचा काठ कोणीतरी रात्रभर बसून शिवला असेल. त्या हातांचे नाव श्रेयनामावलीत असते की नाही कोण जाणे. घरोघरीही रोजनिश्या लिहिणाऱ्यांची नावे राहतात. दौतीत शाई भरणारीचे राहत नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मधले भाऊजी माडीवर गेले आणि पेटी दोघांच्या मदतीने खाली ओटीवर घेऊन आले. “आधी सगळ्याची छायाचित्रे काढू,” ते म्हणाले, “तीन संच करू. मूळ कागद कोठे राहतील ते मागाहून पाहू.” यजमानांनी काही न बोलता दिवा जवळ सरकवला. मुलांना पाने उलटण्याचे काम मिळाले. पहाटे दोनपर्यंत चार वह्या झाल्या. तिसऱ्या वहीत, शके १८५८ च्या एका पानावर, आजेसासऱ्यांच्या रेखीव मोडीत एक ओळ निघाली. मोडी वाचणारे घरात आता नानाच एक. त्यांनी चष्मा पुसून वाचली: ‘मंडळी तुकाराम पाहून आली. किरकोळ, दीड रुपया.’ कित्येक दिवसांनी त्या ओटीवर सारे एकदम हसले.

यावरून आमचे सर्व मिटले असे मात्र वाचकांनी समजू नये. कागदांची नक्कल होते. देवांची होत नाही. देव्हारा कोणाकडे जावयाचा, हा प्रश्न अद्याप तसाच आहे, आणि धाकट्या भाऊजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही त्यांना अजून कोणी दिलेले नाही. ते द्यावयास हवे. वाडा दिवाळीनंतर पाडावयाचा आहे. एकत्र घर कायमचे टिकावे हा हट्ट मी आता सोडला आहे. प्रभातसारखे घर टिकले नाही, तेथे आमची काय कथा! पण पांगण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती सगळ्यांचे थोडे थोडे असावे, एवढी तजवीज माणसाला करता येते. ज्या घरांत अशा पेट्या आहेत, त्यांनी ती करून ठेवावी. मोडी वाचणारे एखादे माणूस घरात आहे, तोवर तर विलंब मुळीच लावू नये.