शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणीमागे एक मोठे गृहीत दडलेले आहे. पातेल्यातला सगळा तांदूळ एकाच पोत्यातला असून एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला आहे, हे ते गृहीत. ते खरे असेल तरच एका शिताला साऱ्या भाताच्या वतीने बोलण्याचा अधिकार पोचतो. चेपून पाहिलेले शीत पुन्हा पानात वाढता येत नाही, हे म्हणीने सांगितलेले नाही. स्वयंपाकघरात ते सांगण्याची गरजही नसते. माझ्या व्यवसायात मात्र सगळा प्रश्न त्या चेपलेल्या शिताचा आणि न चेपलेल्या भाताचा होता.

यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी 1978 साली संरक्षण खात्याच्या तपासणी विभागात रुजू झालो आणि 2011 मध्ये निवृत्त झालो. मधली 33 वर्षे तोफगोळ्यांचे फ्यूज तपासण्यात गेली. सुरुवात पुण्याजवळच्या खडकीत झाली. पुढची बहुतेक वर्षे जबलपुरात काढली. आपल्याकडे या उद्योगाचा वारसा जुना आहे. कोलकात्याजवळच्या काशीपूरच्या कारखान्यात 18 मार्च 1802 रोजी उत्पादन सुरू झाले. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना 1904 चा आणि त्याच शहराच्या कडेचा खमरियाचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतला. 2021 मध्ये देशातल्या 41 आयुधनिर्माणींच्या 7 कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, कामाचे स्वरूप बदलण्याचे कारण नव्हते.

जबलपुरात मराठी माणूस फार काळ पाहुणा राहत नाही. आमच्या विभागात हिंदी, मराठी आणि इंग्रजी यांची एक खिचडी बोलली जाई. पण आपली शहरी मराठी या व्यवसायापासून किती दूर गेली आहे, हे मला तिथेच जाणवले. गोलंदाज हा तोफेवरच्या माणसाचा शब्द. तो आपण क्रिकेटला देऊन टाकला. दारू म्हटल्यावर आता कोणाला कोठार आठवत नाही, गुत्ता आठवतो. उरला आहे तो ‘फुसका बार’. राजकारण्यांच्या घोषणांसाठी तो वर्तमानपत्रांतून नित्य वापरला जातो, आणि तो वाचताना दरवेळी मला थोडे अस्वस्थ व्हायला होते. आमच्या परिभाषेत न फुटलेल्या गोळ्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. आंधळा. हा शब्द अधिक नेमका आहे. फुसका बार विझून जातो; आंधळा गोळा विझत नाही. तो पडून राहतो.

फ्यूज म्हणजे तोफगोळ्याच्या टोकाशी बसवलेली, मुठीत मावणारी यंत्रणा. तिच्याकडून दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. कोठारात, मालगाडीत, डोंगरी रस्त्यावर, जवानाच्या हातून निसटून खडकावर पडली तरी तिने वर्षानुवर्षे गप्प राहायचे. आणि एका ठरावीक क्षणी, क्षणाचाही विलंब न लावता, बोलायचे. हे साधण्यासाठी आत एक फिरणारे शटर असते. स्फोटाची पहिली ठिणगी देणारा डेटोनेटर त्या शटरमध्ये मुद्दाम बाजूला, आडवाटेला ठेवलेला असतो. तोफ डागली की गोळ्याला गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट धक्का बसतो आणि पहिली कडी सुटते. नळीतल्या आट्यांमुळे गोळा मिनिटाला हजारो फेरे या वेगाने गरगरू लागतो आणि त्या फिरण्याने दुसरी कडी सुटते. दोन्ही सुटल्या, गोळा तोफेपासून दूर गेला, की शटर फिरते आणि डेटोनेटर रांगेत येतो. पडण्याने धक्का बसेल पण गरगर होणार नाही, घरंगळण्याने फेरे होतील पण तसा धक्का बसणार नाही. दोन्ही एकत्र फक्त तोफेतच घडतात. माणसाच्या विवेकाची इतकी चोख व्यवस्था निसर्गाने केली असती तर बरे झाले असते, असे माझ्या एका वरिष्ठांचे नेहमीचे म्हणणे होते.

हे फ्यूज जिथे भरले जातात त्या इमारतींना ‘डेंजर बिल्डिंग’ म्हणतात आणि तिथल्या कामगारांच्या पदनामातच तो शब्द असतो. इमारतीभोवती मातीचे उंच बांध. आतला स्फोट बाहेर पसरू नये म्हणून. आत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक असावे, याचे आकडे दारावर रंगवलेले. शिरण्यापूर्वी काडेपेटी बाहेर ठेवायची, सुती कपडे घालायचे, अंगातली स्थिर वीज तांब्याच्या पट्टीला स्पर्श करून जमिनीत सोडायची. हत्यारे पितळेची, ठिणगी न पाडणारी. खंडेनवमीला बाहेरच्या यंत्रशाळेत लेथना झेंडूच्या माळा पडत, उदबत्त्या लागत, नारळ फुटत. डेंजर बिल्डिंगला मात्र हळदकुंकू आणि फुले, तीही उंबऱ्याबाहेर. निरांजन नाही, उदबत्ती नाही. ज्या शस्त्रांची पूजा त्यांच्यासमोर दिवा लावता येत नाही, ही गोष्ट पहिल्या वर्षी मला चमत्कारिक वाटली. पुढे लक्षात आले, की तिथला प्रत्येक साधा नियम हीच तिथली पूजा होती आणि ती वर्षातून एकदा नव्हे, पाळीतून अनेकदा होत होती.

आता भाताकडे येतो. तयार झालेल्या मालाच्या गटाला ‘लॉट’ म्हणतात: एकच कच्चा माल, एकच मांडणी, एकच पद्धत. म्हणीतले गृहीत इथे नियम होते. फ्यूजची मापे गेजने तपासता येतात, क्ष-किरणांनी आत डोकावता येते. पण तो फुटेल की नाही, हे फोडल्याशिवाय कळत नाही. ज्याची परीक्षा झाली तो उरत नाही. जो उरतो त्याची परीक्षा झालेली नसते. सीमेवर जाणारा प्रत्येक गोळा दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर उत्तीर्ण झालेला असतो.

या अडचणीवर संख्याशास्त्राने तोड काढली. बेल प्रयोगशाळेत हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी नमुना-तपासणीचा पाया घातला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आयुध खात्याने तिचे तक्ते वापरात आणले, आणि 1950 मध्ये लष्करी मानक 105 प्रसिद्ध झाले. आपले आयएस 2500 हे मानक त्याच कुळातले. तक्ता असे सांगतो: 3000 नगांचा लॉट असेल, तर सर्वसाधारण पातळीवर 125 नग काढा. शेकडा एक दोष चालणार असेल, तर नमुन्यात 3 सदोष निघेपर्यंत लॉट स्वीकारा. 4 निघाले तर नाकारा. या 3 ला ‘स्वीकार्य संख्या’ म्हणतात.

पण सगळे दोष एका तागडीत तोलले जात नाहीत. फ्यूज तोफेच्या नळीत किंवा तोंडाशीच फुटला, तर आपला गोलंदाज मरतो. या दोषाची स्वीकार्य संख्या शून्य. एक निघाला तरी सगळा लॉट अडतो, चौकशी बसते, माणसे रात्र रात्र झोपत नाहीत. फ्यूज लक्ष्यावर पडून फुटलाच नाही, तर मात्र काही थोडे चालतात. मारा कमी पडेल एवढेच. दोन रकाने, शेजारी शेजारी. उशिराच्या दोषाला थोडी सूट, लवकरच्या दोषाला मुळीच नाही. अनेक वर्षे या मांडणीत मला काही खटकले नाही. आजही अभियंता म्हणून मी तीच मांडणी करीन. यंत्रणेकडून शंभर टक्के मागणारा माणूस खोटे कागद तयार करवतो.

प्रश्न दुसरीकडून आला. एका फायरिंग रेंजच्या कडेच्या गावात (त्या जागेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आठवडी बाजारात एक म्हातारा भंगार विकायला बसलेला असे. पितळेच्या पट्ट्या, लोखंडाचे तुकडे. रेंजमध्ये जाण्यास मनाई होती, लाल निशाण लागे, दवंडी फिरे. पण पितळेचा भाव मनाईपेक्षा मोठा असतो. त्याच्या उजव्या हाताला तीन बोटे नव्हती. आमच्यापैकी कोणीतरी त्याला कायद्याचे दोन शब्द सुनावले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘साब, जो नहीं फूटता, उसको आप लोग गिनते हो क्या?’’

आम्ही मोजत होतो. निरीक्षक प्रत्येक स्फोट नोंदवत, न फुटलेले शोधून जागीच नष्ट केले जात. चिखलात खोल गेलेला एखादा राहून जाई. उत्तर ‘हो’ असे होते आणि ते खरेही होते. पण आम्ही मोजत होतो ते लॉटसाठी. तो विचारत होता ते वेगळ्या हिशेबाबद्दल. त्या तिसऱ्या आकड्याचा रकाना माझ्या तक्त्यात संपत होता आणि त्याच्या शेतात सुरू होत होता.

हा हिशेब जगभर शिल्लक आहे. 1 जुलै 1916 ला सोमची लढाई सुरू होण्यापूर्वी आठवडाभर ब्रिटिश तोफांनी सुमारे पंधरा लाख गोळे टाकले. तोफगोळ्यांच्या टंचाईनंतर घाईने वाढवलेल्या उत्पादनातले ते गोळे. त्यांतले पुष्कळ फुटलेच नाहीत. शंभर वर्षे उलटून गेली, तरी फ्रान्स आणि बेल्जियमचे शेतकरी नांगरणीत ते उपसत आहेत. ज्यांनी ते तपासले, ज्यांनी ते डागले आणि ज्यांच्यावर ते डागले, त्यांच्यापैकी कोणीही आज हयात नाही. गोळा आहे. 2003 मध्ये युद्धोत्तर स्फोटक अवशेषांसंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात सामील आहे. न फुटलेल्याची जबाबदारी डागणाऱ्याकडे राहते, हे तत्त्व कागदावर यायला इतका काळ लागला.

मी माझ्या व्यवसायाविरुद्ध साक्ष देण्यास बसलेलो नाही. 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर आपल्या तोफांनी अडीच लाखांहून अधिक गोळे आणि अग्निबाण डागले. त्या दिवसांत आमच्याकडे पाळ्या संपत नव्हत्या. दूरदर्शनवर तोफ मागे सरकताना दिसली, की घरातली माणसे गोळा कुठे पडतो ते पाहत. मी तोफेशेजारी उभ्या असलेल्या मुलांकडे पाहत असे. तोफ डागल्यावर ती उभीच दिसली, की माझे शून्य शून्यच राहिले, एवढे समाधान मला पुरे होते. ते समाधान मी आजही कोणाला उसने देणार नाही. फक्त त्याच्या शेजारी म्हाताऱ्याचा प्रश्न ठेवून पाहतो. आपल्या माणसासाठी शून्य मागण्याची आपल्याला सवय आहे, त्यात गैर काही नाही. ज्याचे नावगाव आपल्याला कधीच कळणार नाही, त्याच्यासाठी आपण किती मागतो, यावर तक्ता गप्प राहतो. तो आकडा माणसांनीच भरायचा असतो.

प्रत्येक तपासनिसाला एक शिक्का असतो. त्यावर त्याचा क्रमांक. मंजूर केलेल्या मालावर तो उमटतो. निवृत्तीच्या दिवशी मी माझा शिक्का सही करून परत केला. तो क्रमांक मारलेले काही गोळे एव्हाना कोठारातून नष्ट झाले असतील, बहुतेक डागले जाऊन आपले काम करून गेले असतील. आणि स्वीकार्य संख्येइतके, कुठेतरी, मातीखाली, माझी सही घेऊन अजून गप्प आहेत.