आजीच्या औषधांचा डबा

औषध हा शब्द उच्चारितांच रोगनिवारण हाच अर्थ आपल्या मनांत येतो. परंतु औषधानेंही विकार उत्पन्न होतात, आणि रोगी वृद्ध असला म्हणजे त्या विकारांस आपण वार्धक्य असें नांव देऊन मोकळे होतों, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. मला ती घरींच पाहावयास मिळाली.

माझी आजी ७८ वर्षांची आहे. तिच्याजवळ बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यांत तिच्या गोळ्या असत, आणि तो डबा ती दागिन्यांपेक्षांही अधिक जपे. डबा कसा भरत गेला ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. रक्तदाबासाठीं तिला अम्लोडिपीन नांवाची गोळी चालू होती. ही गोळी वाईट नव्हे. रक्तवाहिन्या सैल करून ती दाब उतरविते. मात्र तिच्या योगानें कित्येकांच्या घोट्यांवर सूज येते, तशी आजीच्या पायांवर आली. दुसऱ्या एका डॉक्टरांस ती सूज स्वतंत्र रोग वाटली व त्यांनीं लघवी वाढविणारी गोळी दिली. ती आजी संध्याकाळीं घेई. त्यामुळें रात्रीं तीनचार वेळां उठावें लागे. झोप मोडली, तेव्हां तिसऱ्या डॉक्टरांनीं झोपेसाठीं डायझेपाम दिली. प्रत्येकानें आपल्यापुढें आलेलें दुखणें पाहिलें. डबा कोणींच पाहिला नाहीं.

आतां, तरुणाचें शरीर आणि वृद्धाचें शरीर एक नव्हे. उतारवयांत अंगांतील पाण्याचा अंश घटतो, चरबीचा वाढतो, आणि यकृत व मूत्रपिंडें यांचें काम मंदावतें. डायझेपाम चरबींत मुरणारें औषध आहे. तरुणाच्या रक्तांतून तें सुमारें एका दिवसांत निम्में उतरतें. ८० वर्षांच्या माणसास त्यालाच तीनचार दिवस लागूं शकतात. म्हणजे आजची गोळी पोटांत जाते तेव्हां कालची व परवांची अंगांत असतेच! त्यांत भर म्हणून सर्दीसाठीं दुकानांतून परस्पर आणलेली क्लोरफेनिरामीनची गोळी. तिनें नाक सुकतें खरें, पण वृद्धांस गुंगी येते व बुद्धीस भ्रमही पडतो.

आजी नातवंडांचीं नांवें चुकूं लागली. मला ती काकांच्या नांवानें हांक मारी. दूध गॅसवर ठेवून विसरे; दुपारीं निजून उठली कीं सकाळ झाली असें समजे. शेजारच्या काकू म्हणाल्या, “आतां वय झालें हो त्यांचें!” आणि एके रात्रीं न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं ती पडली व तिचें मनगट मोडलें.

प्लास्टर घालणारे डॉक्टर मोठे चौकस होते. “आजी, तुम्ही घेतां तीं सगळीं औषधें मला दाखवा,” असें ते म्हणाले. वडिलांनीं डबा आणून टेबलावर पालथा केला. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या! त्यांतील दोन निरनिराळ्या नांवांच्या गोळ्या एकाच वेदनाशामक औषधाच्या होत्या. आणि तें औषध पोटास व मूत्रपिंडांस अपाय करणारें, शिवाय रक्तदाब वाढविणारें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, मार्क बीअर्स नांवाच्या अमेरिकन वैद्यांनीं वृद्धांस शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी १९९१ सालीं प्रसिद्ध केली, व ती वेळोवेळीं सुधारली जाते. २०२३ सालींही ती सुधारण्यांत आली. झोपेच्या व सर्दीच्या ह्या दोन्ही जातींच्या गोळ्या तींत आहेत.

तरीही त्यांनीं डबा केरांत टाकला नाहीं, हें विशेष. डायझेपाम एकदम सोडल्यास झटकेही येऊं शकतात, म्हणून ती कित्येक आठवडे थोडीथोडी कमी केली. ज्यांच्या घरीं असा डबा असेल त्यांनीं तो सबंध उचलून एकाच डॉक्टरांपुढें न्यावा. आपल्या मनानें एकही गोळी बंद करूं नये. आजीस रक्तदाबाची दुसरी गोळी मिळाली, सूज उतरली, आणि लघवीच्या गोळीचें कारणच उरलें नाहीं. सर्दीची गोळी सोडतांना मात्र ती बरीच रुसली.

तिसऱ्या महिन्यांत तिनें मला माझ्या नांवानें हांक मारिली, आणि मागील दिवाळींत माझ्याकडे राहिलेले आपले वीस रुपये मागून घेतले.