वाराणसीत पूर्ण झालेला ग्रंथ

लेखकाच्या वाट्याला येणारा नकार दोन प्रकारचा असतो. एका नकारात लेखनातील उणीव दाखवलेली असते. ती समजून घेतली, तर पुढचे लेखन सुधारते. दुसऱ्या नकारात लेखन पुरते न वाचताच लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या भाषेचा अधिकार नाकारलेला असतो. या दुसऱ्या नकाराला कसे सामोरे जावे, हे पैठणच्या संत एकनाथांच्या चरित्रातून शिकता येते.

एकनाथ हे देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य. गुरूंच्या आज्ञेवरून त्यांनी प्रथम ‘चतुःश्लोकी भागवत’ हा सुमारे हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. त्यानंतर त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठी टीका लिहायला घेतली. या स्कंधात ३१ अध्याय असून श्रीकृष्ण आणि उद्धव यांचा संवाद हा त्याचा मुख्य भाग आहे. मूळ ग्रंथ संस्कृतात असल्यामुळे स्त्रिया, शेतकरी व कारागीर यांना त्यातील विचार दुर्लभ होता. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला होता. तरीही, पावणेतीनशे वर्षे उलटल्यावरसुद्धा शास्त्रविचार लोकभाषेत आणणे अनेक पंडितांना मान्य नव्हते.

एकनाथांनी पहिले पाच अध्याय पैठणला लिहिले. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात पुढील कथा येते. या अध्यायांची एक प्रत वाराणसीला पोहोचली. तेथील संन्यासी आचार्य संतप्त झाले व त्यांनी एकनाथांना बोलावणे धाडले. एकनाथ हजार किलोमीटरांहून अधिक वाट चालून गेले. आचार्य त्यांचे तोंडही पाहावयास तयार नव्हते. मध्ये पडदा धरून प्रश्नोत्तरे झाली. ऐकता ऐकता आचार्यांचा राग ओसरला आणि त्यांनी ग्रंथ तेथेच पूर्ण करण्यास सांगितले. या कथेतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरेलच असे नाही. मात्र पहिले पाच अध्याय पैठणला व उरलेले वाराणसीत लिहिले, हे एकनाथांनी ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच नोंदवले आहे.

त्या काळी वाराणसी हे भारतातील विद्येचे मोठे पीठ होते. पैठणहूनच तेथे गेलेल्या रामेश्वर भट्टांचे घराणे धर्मशास्त्रासाठी विख्यात होते. अशा नगरीत मराठी ओवी लिहीत बसणे सोपे नव्हते. एकनाथांना संस्कृत उत्तम येत होते. त्यांनी भाषा बदलली असती, तर वादच मिटला असता; परंतु ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहायचा, तेच वाचक दुरावले असते. म्हणून त्यांनी भाषा सोडली नाही. हा आक्षेप येणार, हे त्यांनी आधीच ओळखले होते. पहिल्याच अध्यायात त्यांनी भाषेच्या श्रेष्ठ-कनिष्ठपणाचा अभिमान खोडून काढला आहे. त्यानंतर त्यांनी वाद वाढवला नाही. उरलेले २६ अध्याय लिहिले.

शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला हा ग्रंथ वाराणसीत पूर्ण झाला. त्यात सुमारे १८,८०० ओव्या आहेत. काशीकरांनी पुढे या ग्रंथाची मिरवणूक काढून गौरव केला, असे परंपरा सांगते. विशेष असे की, पुढच्याच वर्षी, १५७४ मध्ये, तुलसीदासांनी अयोध्येत अवधी भाषेतील ‘रामचरितमानस’ लिहिण्यास आरंभ केला. त्यांनाही काशीच्या पंडितांचा विरोध सोसावा लागल्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. लोकभाषेचा हा झगडा कोण्या एका प्रांताचा नव्हता.

एकनाथांचा हा निर्धार म्हणजे हट्ट नव्हे. हटवादी लेखक स्वतःचे लेखन तपासत नाही. एकनाथांची दृष्टी चोखंदळ होती. नकलाकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून १५८४ मध्ये त्यांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. भाषेविषयीचा नकार त्यांनी मानला नाही. अक्षरातील चूक मात्र त्यांनी कधी क्षुल्लक मानली नाही. आयुष्याच्या अखेरीस ते ‘भावार्थ रामायण’ लिहीत होते. १५९९ मध्ये त्यांचे देहावसान झाले, तेव्हा तो ग्रंथ अपुरा होता. त्यांचा शिष्य गावबा याने तो पुरा केला.

आज ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा यांच्या जोडीने एकनाथी भागवत हा वारकऱ्यांचा प्रमाणग्रंथ मानला जातो. गावोगावी त्याची पारायणे होतात आणि ज्यांनी संस्कृतचे एक अक्षरही गिरवलेले नाही, असे स्त्री-पुरुष तो वाचतात व ऐकतात. उशिरा हाती लेखणी घेणाऱ्या माणसालाही नकार ऐकावा लागतो. तेव्हा त्याने आधी विचारावे, की हा नकार आपल्या लेखनातील दोषाला आहे, की आपल्या लिहिण्यालाच? दोषाला असेल, तर दोष काढावा. लिहिण्यालाच असेल, तर पुढचा अध्याय लिहावयास घ्यावा.