दुधात लिहिलेला हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वहीची पूजा करतो, याचे मला लहानपणापासून मोठे कौतुक वाटत आले आहे. देवापुढे सोनेनाणे मांडणे कोणालाही समजेल; पण जमाखर्चाच्या कोऱ्या वहीवर स्वस्तिक काढून तिला हळदकुंकू वाहायचे, यात आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे. पैसा येतो आणि जातो. तो कुठून आला आणि कुठे गेला हे सांगणारी वहीच खरी लक्ष्मी! मात्र या वह्यांत एक खाते कधीच नसते. घेतले ते आपण लिहितो, दिले तेही लिहितो; टाकून दिले ते लिहीत नाही. टाकलेली वस्तू डोळ्यांआड झाली की ती जगातूनच गेली, अशी आपली सोयीची समजूत असते.

पण काही वस्तू जात नाहीत. त्यांची वही आपण ठेवली नाही, तरी दुसरे कोणी तरी ती ठेवतच असते.

मी सात-आठ वर्षांची असेन. म्हणजे १९५६-५७ चा सुमार. कुलाबा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दर वर्षी फवारणीची माणसे येत. ती यायची म्हटली की आजी भांडीकुंडी, लोणच्याच्या बरण्या, पाळणा, सारे अंगणात काढून ठेवी. एक जण बादलीतल्या पंपाचा दांडा वरखाली करी, दुसरा नळी धरून भिंती भिजवी. वाळल्यावर भिंतींवर पांढुरकी साय धरे. जाताना त्यांतला एक जण दाराशेजारी गेरूने तारीख लिही आणि बजावी, "आजीबाई, इतक्यात भिंती सारवायच्या नाहीत हां!"

दिवाळी तोंडावर असताना भिंती सारवायच्या नाहीत, हे आजीला पटणे कठीणच होते. "तुझ्या सायबाला विचार, असल्या डागाळलेल्या घरात लक्ष्मी येते का म्हणून!" असे ती ठसक्यात म्हणे. सारवत मात्र नसे. तिची दोन मुले हिवतापाने गेली होती.

ती पांढरी साय डी. डी. टी.ची होती. स्वित्झर्लंडच्या पाउल म्यूलर यांनी १९३९ साली तिचा कीटकनाशक गुण ओळखला आणि त्यासाठी १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाला चावून डास भिंतीवर विसावतो, आणि भिंतीवरचे औषध त्याला तिथेच मारते, अशी ही युक्ती. आपल्याकडे १९५३ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत. १९६५ पर्यंत रोग्यांची नोंद लाखाच्या आसपास आली होती. आकडे कोरडे असतात असे म्हणतात; पण ज्या घरात पाळणा रिकामा झालेला असतो, त्या घराला ते कोरडे वाटत नाहीत. म्हणून डी. डी. टी.ला कोणी नुसतेच 'विष' म्हटले, की माझे मन क्षणभर आजीच्या बाजूने उभे राहते.

आणि तरीही ते विष होतेच. त्याचा जो गुण तोच त्याचा दोष. एकदा मारले की महिनोन् महिने भिंतीवर टिकते, म्हणून तर ते हवेसे वाटले. पण 'आता पुरे' म्हटल्यावर थांबणे त्याला ठाऊक नाही. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत मात्र सहज मुरते. मातीतून ओढ्यात जाते, ओढ्यातल्या शेवाळात शिरते. शेवाळ खाणाऱ्या किड्यात थोडे साठते, किडे खाणाऱ्या माशात त्याहून जास्त, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात त्याहूनही जास्त. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार! १९६२ साली रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने 'सायलेंट स्प्रिंग' लिहून याविषयी जगाला सावध केले. पुढे तीनच वर्षांनी, १९६५ साली, भारतातल्या माणसांच्या चरबीत साठलेल्या डी. डी. टी.चे मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आले. भिंतीवर गेरूने तारीख लिहिणारे निघून गेले होते. पण आत, शरीरात, लिहिणे चालूच होते.

हे लिखाण किती दूरवर पोहोचले आहे, याची गोष्ट मात्र आपल्या मुलखातली नाही. ती आहे कॅनडाच्या उत्तर टोकाची, बर्फात राहणाऱ्या इन्युइट लोकांची. १९८० नंतरच्या दशकात क्वेबेक प्रांतात एरिक द्यूवाई नावाचे डॉक्टर आईच्या दुधातली असली द्रव्ये मोजत होते. तुलनेसाठी त्यांना निर्मळ दूध हवे होते. जिथे कारखाना नाही, शेती नाही, फवारणी नाही, असा प्रदेश म्हणजे उत्तरेकडचा नुनाविक. तिथल्या आयांचे दूध त्यांनी तपासले. निघाले भलतेच! विजेच्या रोहित्रांतल्या तेलात वापरले जाणारे पी. सी. बी. नावाचे रसायन त्या दुधात दक्षिणेकडच्या शहरवासी आयांच्या सुमारे पाचपट होते.

हे तिथे गेले कसे? आपल्या स्वयंपाकघरात याचे उत्तर आहे. मोदक उकडताना पातेल्याच्या तळाशी पाणी तापते, वाफ वर जाते आणि गार झाकणाला लागली की तिथे थेंब धरतात. पृथ्वीचेही तसेच आहे. उष्ण देशांतल्या जमिनीवरून ही द्रव्ये हळूहळू हवेत चढतात, वाऱ्याबरोबर उड्या मारीत जातात आणि थंडी लागली की खाली उतरतात. उत्तर ध्रुवाकडचा मुलूख म्हणजे या पातेल्याचे झाकण! तिथले थेंब समुद्रात गेले, समुद्रातून माशांत, माशांतून सील आणि देवमाशांच्या चरबीत. आणि ती चरबी हेच तर त्या लोकांचे पिढ्यान् पिढ्यांचे अन्न. ज्यांनी कधी काही टाकले नाही, त्यांच्या नावावर सर्वांत मोठी बाकी निघाली.

यातून पुढे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या वाटाघाटी चालू असताना, १९९९ साली नैरोबीला, शीला वॉट-क्लुटिए या इन्युइट बाईंनी एक कोरीव मूर्ती भेट दिली: आई आणि मूल. अध्यक्षांनी ती वाटाघाटींच्या टेबलावर ठेवली. मला विशेष वाटते ते पुढचे. डी. डी. टी.वर सरसकट बंदी घाला, असा हट्ट या बाईंनी धरला असता तर त्यांना कोण बोलले असते? पण हिवतापाच्या देशांतल्या आयांचे काय, हे त्यांनी मनात ठेवले. आमची मुले वाचवताना दुसऱ्यांची मुले मरता कामा नयेत, अशीच त्यांची भूमिका होती. २००१ साली स्टॉकहोमला करार झाला. त्यात पहिली बारा द्रव्ये होती आणि डासांसाठी डी. डी. टी. वापरायची मर्यादित सवलतही होती. शेतीत डी. डी. टी. वापरायला आपल्या देशात १९८९ पासून बंदी आहे. या करारात आपण २००६ साली सामील झालो. माझ्या आजीला स्टॉकहोम ठाऊक नव्हते, पण त्या बर्फातल्या बाईला जणू माझी आजी ठाऊक होती.

करार झाला म्हणजे काम झाले असे नाही. तो पाळला जातो की नाही हे मोजावे लागते. मोजण्याची रीत मोठी साधी आहे. हवेसाठी पोलादाच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून, मध्ये थोडी फट ठेवून टांगतात. आत स्पंजाची एक चकती असते. दोन-तीन महिने येणाऱ्याजाणाऱ्या वाऱ्यातले जे आहे ते ती टिपते. आणि माणसासाठी? पहिलटकरणीचे दूध. देशातल्या निदान पन्नास आयांकडून थोडे थोडे दूध घेऊन एकत्र करतात आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत तपासतात.

या मोजण्याने काय साधते, ते स्वीडनने दाखवले आहे. तिथे आयांचे दूध वर्षानुवर्षे गोठवून जपलेले होते. १९७२ ते १९९७ या काळातले नमुने तपासले, तेव्हा डी. डी. टी. आणि पी. सी. बी. सतत उतरत गेलेले दिसले. बंद्या लागू पडल्या होत्या. पण एक नवीनच पाहुणा दर पाच वर्षांनी दुपटीने वाढत होता. गाद्यांना, दूरचित्रवाणीच्या पेट्यांना लवकर आग लागू नये म्हणून त्यांत घालायचे ते रसायन होते. वही जपली होती म्हणून चोर सापडला. त्यावर बंधने आली आणि तोही उतरणीला लागला.

हे सारे मी इतक्या आस्थेने वाचले, कारण गेल्या वर्षी माझी नात बाळंत झाली. दुधात विष असते असे कुठेसे तिच्या वाचनात आले आणि रात्री तिचा फोन आला. "आजी, खरं सांग, पाजू ना गं मी याला?" तिच्या आवाजात रडू होते. मी म्हटले, "पाज गं बाई, खुशाल पाज. दूध तपासतात ते दूध वाईट म्हणून नव्हे. त्यात स्निग्धांश असतो आणि ते सुई न टोचता मिळतं, म्हणून. आरसा मळका दिसला तर तोंड धुवायचं. आरसा फोडून कसं चालेल?" जागतिक आरोग्य संघटनाही आयांना हेच सांगत आली आहे, की बाळाला अंगावरच पाजा.

तोंड धुवायचे म्हणजे काय, तेही नातीने विचारलेच. मोठी कामे सरकारांची आणि कारखानदारांची. पण एक काम दिवाळीतच करण्याजोगे आहे. अभ्यंगस्नानासाठी अजून पुष्कळ घरी बंब पेटतो, आणि साफसफाईत निघालेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, जुन्या वायरी बिनदिक्कत त्यात जातात. क्लोरीन असलेले असले प्लास्टिक जळाले की डायॉक्सिन तयार होते. स्टॉकहोमच्या पहिल्या बारांतलेच ते. त्याचा धूर गवतावर बसतो, गवत गाय खाते, आणि मग ते दुधात उतरते: आधी गाईच्या, मग आईच्या.

नातीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सासरच्या बंबाशेजारी पाटी लावली: 'फक्त लाकूड.' सासूबाई थोड्या फुरंगटल्या. पण पहाटे नातवंडाला न्हाऊ घालताना पाटीकडे बोट दाखवून त्याच म्हणाल्या म्हणे, "ही तुझ्या दुधाची राखण रे, बाबा."